ढिल्या पँटची हकीकत

तीर्थरूप अक्कांच्या चरणी,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द केवळ रीत म्हणून घातला आहे. आठ अंगांपैकी छाती, हात, पाय आणि गुडघे सध्या संपावर आहेत, मन मोडलेलं आहे. उरली नजर, वाणी आणि डोकं. त्यातलं डोकं वेळेवर चाललं असतं तर हे पत्र लिहायची पाळीच आली नसती. जे काही शिल्लक आहे ते तुमच्या पायांवर.)

तुमची तब्येत कशी आहे असं विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारतो. उत्तर मला पाठ आहे: "माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" ज्या बाईंनी मुलींच्या शाळेत उभी हयात कवायत घेतली, आणि निवृत्त झाल्यावरही ज्यांच्या दारावरून जाताना दूधवाला आपसूक पाय जुळवून चालतो, त्यांना धाड भरायची कुणाची छाती होणार नाही. यानंतर 'इकडील सर्व कुशल' असं लिहायचं असतं. ते वाक्य या वेळी गाळलं आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो की या पत्रात मला तुमच्याकडे काहीही मागायचं नाही. तुम्ही मला पाठवलेला कवायतीचा तक्ता साभार परत करायचा आहे आणि तो का परत करतो आहे ते सांगायचं आहे, एवढंच. माझा व्यायाम संपला, अक्का. घाम गाळून काही होत नाही, हे मला कळून चुकलं आहे.

तुम्हांला सगळं ठाऊकच आहे, तरी पुन्हा लिहितो. हिच्या दोन्ही किडन्या गेल्या. दिवसाआड हिला हॉस्पिटलात त्या यंत्राला जोडून ठेवतात, आणि ते यंत्र आणखी किती काळ साथ देईल हे डॉक्टर सांगत नाहीत, नुसते चष्मा पुसतात. किडनी द्यायला सगळ्यांत आधी तुम्ही पुढे झालात. वय आणि ब्लड प्रेशर बघून तुम्हांला परत पाठवलं. (ते प्रेशर त्या पोरगेल्या डॉक्टरने तुम्हांला 'आजी' म्हटल्यामुळे चढलं होतं, असं माझं अजून मत आहे.) मूलबाळ आम्हांला नाही. राहता राहिलो मी. गंमत बघा, इतक्या वर्षांच्या संसारात आमचं एका गोष्टीवर एकमत झालं नाही, पण रक्त मात्र पहिल्या फटक्यात जुळलं. मी मनातून इतका खूश झालो की तिथल्या तिथे बाही वर करायला लागलो. पण डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, आधी दहा किलो उतरवा, मग टेबलावर घेतो. एवढ्या चरबीत सुरी घालणं तुमच्या जिवाला धोक्याचं आहे. मला राग आला नाही. मीही कापणारा माणूस आहे. चुरगळलेल्या कापडावर मीसुद्धा कात्री चालवत नाही, आधी इस्त्री करून आणा म्हणतो.

तेव्हा तुमचा तक्ता आला. मी तो दुकानात कटिंगच्या टेबलासमोर लावला आणि पहाटे उठून पहिला प्रकार केला: जागच्या जागी उडी, हात वर, पाय फाकलेले. आमचं दुकान आणि राहत्या खोल्या दोन्ही पहिल्या मजल्यावर, आणि खाली घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात, तेही पहाटेच कामाला बसतात. (म्हणे त्या वेळी हात स्थिर असतो.) मी तिसरी का चौथी उडी मारली असेन नसेन, दारात गृहस्थ उभे. डोळ्यावर भिंग तसंच, हातात चिमटा. नुसतं खाली बोट दाखवलं. जाऊन बघतो तर टेबलावर एका घड्याळाची आतडी पसरलेली आणि तिळाएवढे स्क्रू सगळ्या जमिनीवर. ती सकाळ मी आणि ते, दोघे गुडघे टेकून, जमिनीला नाक लावून स्क्रू वेचत होतो. त्याने माझ्या कमरेत उसण भरली ती अजून आहे. दुसऱ्या दिवसापासून मी न उडता उडी मारायचं ठरवलं, म्हणजे हात वर, पाय जमिनीवर. त्याला तुमच्या तक्त्यात नाव नाही, पण बघणाऱ्याला वाटायचं मी कुणाला तरी शरण जातो आहे.

मग म्हटलं, घर नको, रस्ता बरा. धावायचं. धावायला कपडे लागतात, आणि तयार कपडे विकत घेणं म्हणजे न्हाव्याने दुसरीकडे जाऊन दाढी करून घेणं. स्वतःच शिवायला बसलो. धावायच्या पँटला इलास्टिक लावतात म्हणे. अक्का, मी आयुष्यात इलास्टिक लावलेलं नाही. ज्याला माप घेता येत नाही त्याने इलास्टिक लावावं. मी रीतसर कमरपट्टा केला, पुढे चुण्या घातल्या, आत अस्तर, बाजूला दोन खिसे, मागे एक, आणि इस्त्रीची अशी धार की बोट लावायची भीती वाटावी. वर त्याच कापडाचं जॅकेट, त्यालाही अस्तर. ही बघून म्हणाली, "अहो, कुणाच्या लग्नाला धावत चाललाय का?" मी लक्ष दिलं नाही. (लक्ष द्यायला हवं होतं. हिच्या बोलण्याकडे मी जेव्हा जेव्हा लक्ष दिलं नाही, तेव्हा तेव्हा ते खरं ठरलं आहे.)

अशा कपड्यातला, पन्नाशी ओलांडलेला, टेप गळ्यात राहिलेला माणूस सकाळच्या प्रहरी तोंड उघडं टाकून धावताना दिसला की लोकांना व्यायाम सुचत नाही, अपघात सुचतो. चौकातला हवालदार माझ्याबरोबर धावायला लागला. "काय झालं? कोण पळालं?" मला दम इतका लागला होता की शब्द फुटेना. मी समोरच्या दिव्याच्या खांबाकडे हात केला, म्हणजे मला तिथवर जायचं आहे, तिथे बोलतो. हवालदाराने माझ्या हाताच्या रोखाने बघितलं. पुढे आमच्या गल्लीतले दंतवैद्य धावत होते, कानात गाणी लावून. हवालदाराने त्यांना जाऊन मागून मिठीच मारली. नंतर सगळा उलगडा झाला, माफी मागून झाली, पण त्या झटापटीत दंतवैद्यांच्या खांद्याची शिवण माझ्या डोळ्यांदेखत उसवली, आणि मला उसवलेली शिवण बघवत नाही. कॉलरला सुई-दोरा टोचलेला असतोच. रस्त्याच्या कडेला दंतवैद्यांना उभं करून मी ती टाचून दिली. मग हवालदार म्हणाला, माझंही एक बटण लोंबतंय. त्या दिवशीचा माझा व्यायाम तेवढाच झाला, आणि आता मी धावायला निघालो की तो चौकात बटणं घेऊन उभा असतो.

शेवटी जिम. तिथल्या तरण्या शिक्षकाला सगळे 'पैलवान' म्हणतात, आणि त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे. त्याने मला एका जागच्या सायकलवर बसवलं. आता तुम्हीच सांगा, मी मिसरूड फुटायच्या आधीपासून पायाची शिलाई मशीन चालवणारा माणूस. बूड टेकलं, पायाखाली काही हललं की माझा पाय टाच-चवडा, टाच-चवडा असाच चालतो. सायकल अर्धं चाक पुढे, अर्धं मागे करत बसली, आणि माझे दोन्ही हात आपोआप समोर जाऊन कापड सरकवायला लागले. पैलवान बराच वेळ बघत उभा राहिला. मग फार अदबीने म्हणाला, "काका, काय शिवताय?" सगळी जिम हसली. मीही हसलो असतो, पण पोटरीत गोळा आला होता. तो उतरावा म्हणून पैलवान माझा पाय चोळत असताना माझी नजर त्याच्या खांद्यांवर गेली (सवय, दुसरं काय) आणि मी सहज बोलून गेलो की तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे. तो आरशासमोर गेला. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं, मग बसून राहिला. आता मी गेलो की तो मला व्यायाम सांगत नाही, शर्ट काढून उभा राहतो आणि विचारतो, "काका, आज कसा आहे?" एका माणसाची हौस मी अशी धुळीला मिळवली.

आणि तरीही, अक्का, मी थकलो नव्हतो. कारण पँट ढिली होत होती.

हे नीट समजावून सांगायला हवं, कारण माझा सगळा घात इथेच झाला. आमच्या दुकानात माप घ्यायची एक रीत आहे, माझ्या वडिलांपासूनची. गिऱ्हाइकाने ताठ उभं राहून समोर भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायचं. खाली बघायचं नाही, मान वाकली की पोट बदलतं. आणि आकडा गिऱ्हाइकाला ऐकवायचा नाही. कमरेचा आकडा कानावर पडला की चांगले चांगले श्वास आत ओढतात, आणि मग पँट घट्ट झाली म्हणून आमच्याच नावाने शंख करतात. म्हणून मी टेप लावतो आणि आकडा हिच्या कानात सांगतो, ही लिहून घेते. आता गिऱ्हाईक मीच झालो. रीत ती रीत. दर रविवारी मी खिळ्याकडे बघत उभा राहायचो, ही टेप लावायची आणि एवढंच म्हणायची, "उतरलंय." मी खाली बघितलं नाही. ज्या नियमाने लोकांना उभं केलं त्याच नियमाने मी उभा राहिलो. तुम्ही दोनदा लिहिलंत की वजनाचा काटा आणा. मी आणला नाही. काटा म्हणजे हाडं, पाणी, खिशातली कात्री सगळ्याची भेसळ करून सांगणारी वस्तू. टेप फक्त माणूस मोजते, असं मी तुम्हांला उत्तर पाठवलं होतं. ते पत्र तुमच्याकडे असेल तर कृपा करून फाडून टाका.

पण माझा विश्वास टेपपेक्षाही पँटवर होता. महिन्याभरात कमरेत दोन बोटं जायला लागली. मग चार. मग अख्खी मूठ. मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मूठ घालून दाखवली. घड्याळवाल्यांना दाखवली, पैलवानाला दाखवली, हवालदाराला तर स्वतःची मूठ घालायला लावली. ही बाजूला बसून काजं करत असायची आणि गालात हसायची. मला वाटायचं, बरी होणार म्हणून हसते. आणि हिने हळूहळू माझ्या पानात फरक करायला सुरुवात केली. "एवढं उतरवलंत, आता जरा तोंडाला चव येऊ दे." पावावर लोणी आलं. बटाटे उकडलेले होते ते तळलेले झाले. झोपताना साय घातलेलं दूध. मी म्हणायचो नको, ही म्हणायची पँट बघा की. मी पँट बघायचो आणि दूध प्यायचो.

वजनाचा दिवस आला. मी तीच पँट घातली, पट्टा मुद्दाम बांधला नाही, एका हाताने कंबर धरून ऐटीत काट्यावर चढलो. नर्सने आकडा वाचला. मी म्हटलं पुन्हा वाचा. तिने पुन्हा वाचला. पहिल्या खेपेपेक्षा तीन किलो जास्त. मी तिला शांतपणे सांगितलं की काटा बिघडला आहे. तिने स्वतः चढून दाखवलं, मग वॉर्डबॉयला चढवलं, दोघांचंही बरोबर आलं. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठीच वापरली होती. मी म्हटलं, बाई, मी कटर आहे, ही पँट मी स्वतः बेतलेली आहे, हिची कंबर मला झोपेत विचारा, थांबा, टेप लावून दाखवतो. पडद्यामागे गेलो, पँट काढली आणि उलटी केली.

अक्का, पँटच्या मागच्या शिवणीत आम्ही थोडं कापड राखून ठेवतो, पुढेमागे माणूस सुटला तर सोडता यावं म्हणून. ते सगळं सोडलेलं होतं. जिथून जुनी शिवण उसवली तिथे सुईच्या बारीक भोकांची ओळ राहते, ती कितीही इस्त्री केली तरी जात नाही. तशी एक ओळ होती. तिच्या पलीकडे दुसरी. तिच्या पलीकडे तिसरी. आणि जिथे राखलेलं कापड संपलं, तिथे त्याच कापडाची एक पाचर बसवलेली, उभा धागा उभ्याशी, आडवा आडव्याशी जुळवून, इतकी सुबक की मी दुसऱ्या कुणाच्या कामात बघितली असती तर त्याला नोकरीवर ठेवलं असतं. मागच्या बाजूला, जिथे माणूस स्वतःला कधी बघत नाही. टाका कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. या टाक्याच्या जिवावर आमचं दुकान उभं आहे. मी पडद्यामागे बिनपँटचा उभा राहून रडलो. नर्सने बाहेरून विचारलं, "मापात काही चूक आहे का?" मी म्हटलं, नाही, काम उत्तम आहे.

ही त्या वेळी वरच्या मजल्यावर यंत्राला जोडलेली होती, म्हणजे पळून जायची सोय नव्हती. मी गेलो, वॉर्डात तिच्या खाटेशी पाठ करून उभा राहिलो आणि पँटच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? (शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाबांनी चष्मा लावून पाहिलं.) तिने नाकारलं नाही. उलट म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत ना, कापड एका अंगरख्याचं असलं तर त्यात दोन बेतायचे नाहीत? दोन्ही वाया जातात." मग म्हणाली, माझं जे व्हायचं ते होईल, पण तुम्हांला टेबलावर आडवं करून चिरायचं ते माझ्यासाठी, आणि त्यात तुम्हांला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू. ऑपरेशनच्या कागदावर मी सही करणार नाही. तुम्हांला 'नको' म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं, म्हणून पँटला सांगितलं.

मी काय बोललो असेन, अक्का? इतक्या मोठ्या गोष्टीवर मी म्हणालो, "तू गेलीस तर माझी काजं कोण करेल?" तिने तोंड फिरवलं. मला ते म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं की तू नसलीस तर मला सकाळी उठायचं कारण राहणार नाही, आणि दोन किडन्या घेऊन एकट्याने जगण्यापेक्षा एक घेऊन तुझ्याबरोबर भांडत जगणं मला हजारपट परवडेल. हे वाक्य मला जिना उतरताना सुचलं. मला वाक्यं नेहमी जिना उतरतानाच सुचतात.

डॉक्टरांनी आणखी दोन महिने दिले आहेत. तेवढ्यात उतरलं तर उतरलं. त्यानंतर तिच्या शरीराला एवढं मोठं ऑपरेशन झेपेल असं त्यांना वाटत नाही, हे या वेळी त्यांनी चष्मा न पुसता सांगितलं. आणि मला आता कशाचाच भरवसा राहिलेला नाही. सकाळी पँट चढवतो आणि कळत नाही की मी उतरलो आहे की शिवण सोडली आहे. नाइलाजाने वजनाचा काटा आणला, तर तो रोज वेगळं बोलतो. काल त्याच्याखाली फॅशनचं मासिक घातलेलं सापडलं. जेवायला बसलो की मला भाजीत लोणी दिसतं, नसलं तरी दिसतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, इथे तर सगळ्या गोतात मिळून आम्ही दोघंच, आणि त्यातली कुऱ्हाड कोण हेही सांगता येत नाही. हिच्या पायांवर सूज आहे. सुईत दोरा ओवताना हिचा हात चुकतो, आणि तो चुकला की ही माझ्याकडे बघते, मी पाहिलं का म्हणून. मी खिळ्याकडे बघतो.

तेव्हा तक्ता परत करतो. तुमच्या कवायतीत खोट नव्हती, खोट माझ्यात होती. लोकांनी मला हसून घेतलं तेवढाच त्यांच्या फुप्फुसांना व्यायाम. माझ्या हातून काही होणार नाही, हे मी आता मान्य केलं आहे. तुम्ही प्रकृतीला जपा. (हे वाक्य दुसऱ्याला लिहितात म्हणून लिहिलं.)

तुमचा,
पाचर बसवलेला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता.क. तक्ता पाकिटात सापडला नाही म्हणून पोस्टाला बोल लावू नका. तो मी घातलेला नाही. दुपारी दुकानात कुणी नव्हतं तेव्हा त्यातला वाकायचा प्रकार करून बघितला. हात अजून गुडघ्यांपर्यंतच जातात, पण आता तिथे घासतात.

ता.क. २. वर मी म्हटलं की मला काही मागायचं नाही. ते खोटं आहे. अक्का, तुम्ही या. दोन महिने इथे राहा. स्वयंपाक तुम्ही करा, हिच्या सुया तुमच्या ताब्यात घ्या, रविवारी माप तुम्ही घ्या आणि आकडा माझ्या कानाशी ओरडून सांगा, रीत गेली खड्ड्यात. मला पहाटे लाथ घालून उठवा. आणि मुख्य म्हणजे हिच्याकडून त्या कागदावर सही घ्या. ही जगात फक्त तुम्हांला घाबरते. मी तुमच्यापुढे कधी हात पसरला नाही, आता पसरतो. मला माझी बायको हवी आहे.

ता.क. ३. या पत्रातलं हिला एक अक्षर कळता कामा नये, नाहीतर ही तुम्हांला उलट पत्र टाकून येऊ नका म्हणेल. पाकीट मी नीट चिकटवलं आहे. टपालात टाकायला मात्र हिच्याकडेच द्यावं लागेल, हॉस्पिटलच्या वाटेवर पेटी आहे आणि माझे गुडघे तिथवर जात नाहीत.

अक्का, हे अक्षर कुणाचं ते तुला सांगायला नको. यांनी चिकटवलेलं पाकीट उसवायला मला कितीसा वेळ लागणार? सगळं वाचलं. सगळं खरं आहे, एवढंच की हे पडद्यामागे रडले ते रडले, नंतर माझ्या खाटेशी त्याहून जास्त रडले, ते लिहिलेलं नाही. आणि जिन्यात सुचलेलं ते वाक्य मला आज इथे पहिल्यांदा कळलं. मी यांना सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. ती पाचर बसवताना माझा हात थांबला होता. वाटलं, ही बसवली की आपण संपलो, आणि मला फार भीती वाटली, अक्का, तू लहानपणी दिवा मालवायचीस तेव्हा वाटायची तशी. तरी मी टाके घातले. पण मला मरायचं नाहीये. मला जगायचंय, आणि यांच्या जिवावर जगायचंय, हे बोलायची मला लाज वाटते. तू विचारू नकोस, मी तोंडाने सांगणार नाही. तू फक्त ये, आणि यांना पळव.